पेढे न वाटण्याजोग्या गोष्टी

पुणे, दि. १९ जुलै

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर बोलताना आईने विचारले होते, की रात्री साडेनऊला तुझ्या स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज कसा काय येतो. भुरीसाठी बिस्किटे करतो आहे, असे मी सांगितले, तेव्हा तू हसलीस आणि कुत्रीचे एवढे कौतुक बरे नव्हे, असेही म्हणालीस. मी दिलेले उत्तर खरे होते, परंतु अर्धे होते. उरलेले अर्धे फोनवर सांगणे मला जमले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या घरी पेढ्यांचे एक माप ठरलेले होते. ताईचा दहावीचा निकाल, बाबांची बढती, माझी नोकरी, ताईचे लग्न ठरणे, एवढ्याला पेढे येत. आधी देवापुढे, मग वाड्यातल्या सात बिऱ्हाडांत. मला वाटी देऊन पाठवले जाई आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला जाई, ‘कशाचे रे पेढे?’ तो प्रश्न मला तेव्हा फार आवडत असे. आता मात्र तोच आडवा येतो, कारण अलीकडे माझ्या हातून जे काही बरे घडले आहे, त्याचे पेढे वाटायचे तर आधी दुसरे काहीतरी कबूल करावे लागेल.

तेच कबूल करतो. गेली बारा वर्षे मी सिगारेट ओढत होतो, दिवसाला सात-आठ. मिरजेला आलो की ‘पेपर घेऊन येतो’ म्हणून मी स्टेशनकडे जाई आणि परतताना बडीशेप चघळत येई. आईला ते कळले नसेल, असे मला आता वाटत नाही. १० मार्चच्या रात्री शेवटची ओढली. १८ जूनला शंभर दिवस पूर्ण झाले आणि त्या रात्रीचा घाणा सर्वांत मोठा होता. तू ऐकलास, तो त्यानंतरचा.

बिस्किटांचा आणि सिगारेट सोडण्याचा संबंध पहिल्या वेळी केवळ योगायोगाने जुळला. जेवण झाल्यावर साडेनऊच्या सुमाराला तलफ सर्वांत जास्त येते. ती अनावर वाटते खरी, पण बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरते, तेवढी मिनिटे हातांना काम द्यावे लागते. मी कणीक तिंबायला घेतली. बोटांना पीठ चिकटलेले असताना माणूस सिगारेट पेटवू शकत नाही, हा शोध मोठा नाही, पण माझ्या उपयोगाचा ठरला. मळून, लाटून, कापून होईपर्यंत पाऊण तास जातो आणि तोवर तलफेचा जोर गेलेला असतो.

बिस्किटे भुरीसाठीच का, असे तुम्ही विचाराल. एक तर घरात दुसरे कोणी नाही. दुसरे असे, की सिगारेटचा वास आला की ती गॅलरीतून उठून आत पलंगाखाली जाऊन बसे, त्यामुळे या प्रकरणात तिचा काही हक्क होताच. तिसरे कारण मला महत्त्वाचे वाटते. ती ‘कशाचे?’ असे विचारत नाही. जानेवारीत मी एकदा प्रयत्न केला होता, तिसऱ्याच दिवशी उत्साहाने घाणा काढला आणि पाचव्या दिवशी टपरीवर जाऊन उभा राहिलो. डबा भरलेलाच होता. त्यातले बिस्कीट तिला देताना मला लाज वाटली, तिने मात्र नेहमीसारखेच कुडुमकुडुम करून खाल्ले. तेव्हापासून सात दिवस पूर्ण झाल्याखेरीज पीठ भिजवायचे नाही, असा नियम केला आहे. हल्ली इतर बारीकसारीक गोष्टींनाही अर्धा घाणा निघतो. चार महिने टाळलेली अक्कलदाढ काढून घेतली त्या दिवशी निघाला आणि रविवारी कामाला यायला जमणार नाही, असे वरिष्ठांना पहिल्यांदाच सांगितले, त्या दिवशीही निघाला.

आईसाठी कृती लिहितो, कारण तू ती विचारल्यावाचून राहणार नाहीस. दोन वाट्या कणीक, एक वाटी ओट्सचा भरडा, एक वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडे आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे दोन चमचे वाटण. मीठ, साखर, गूळ, तूप यांतले काहीही घालायचे नाही. भोपळ्याला पाणी सुटते, म्हणून वरून पाणी अगदी बेताने. पुरीच्या पिठाइतके घट्ट मळायचे, शंकरपाळ्यांपेक्षा किंचित जाड लाटायचे आणि कापायचे. मी तुझे ते पितळी कातणे वापरतो, जे दिवाळीनंतर चुकून माझ्या सामानात आले, असे मी सांगितले होते (ते चुकून आले नव्हते). ओव्हनमध्ये १७० अंशांवर अर्धा तास भाजून, ओव्हन बंद करून तासभर आतच राहू द्यायची, म्हणजे खुटखुटीत होतात. पहिला घाणा मी २०० अंशांवर ठेवला होता. तो कडेने काळा आणि मध्ये कच्चा निघाला, आणि मला मे महिन्याच्या सुट्टीतली आपली बेकरी आठवली. आपण रवा, तूप, पिठीसाखर पत्र्याच्या डब्यातून घेऊन जायचो आणि आपल्या नानकटाईचा ट्रे ओळखू यावा म्हणून बाबा तिथेच उभे राहायचे. सध्या हवा अशी आहे, की बिस्किटे दुसऱ्या दिवशीच सादळतात आणि चार-पाच दिवसांत त्यांना बुरशी धरू शकते, म्हणून निम्मी फ्रीजमध्ये ठेवतो. सारे लोक आखाड तळत असताना मी भाजत बसलो आहे.

बाबांना एक विनंती. गल्लीतल्या मोतीला तुम्ही रोज सकाळी ग्लुकोजची बिस्किटे घालता, ती कमी करा. त्यांत साखर आणि मैदा यांशिवाय फारसे काही नसते. खाऊ कोणताही असो, तो दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावा, असे भुरीच्या डॉक्टरांनी मला बजावले आहे, म्हणून माझी बिस्किटे एक रुपयाच्या नाण्याएवढीच असतात. कांदा-लसूण घातलेली भाजी त्याला घालू नका, त्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि बेदाणे त्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि आपल्याकडे तर सांगली-तासगावचे बेदाणे डबा भरून असतात. आणि तुमच्या मधुमेहासाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्यांचे पाकीट वर ठेवा. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असेल, तर थोडेसे पोटात जाऊनही कुत्र्याची रक्तशर्करा एकदम कोसळते.

तुम्हाला इतिहासाची आवड आहे, म्हणून हेही सांगतो, की कुत्र्यांसाठी वेगळे बिस्कीट करून विकण्याचा धंदा १८६० च्या सुमाराला लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या एका अमेरिकी माणसाने सुरू केला. आई म्हणेल, त्यात नवल ते काय, नामदेवमहाराज त्याच्याही कितीतरी आधी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते. तू स्वतःही शेवटची पोळी नेहमी दारातल्या कुत्र्यासाठी ठेवत आलीस. मात्र ती पोळी रोजची होती, तिला काही निमित्त लागत नसे. माझ्या बिस्किटांना लागते, एवढाच फरक.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र खरे तर सुरू केले, तिच्याकडे येतो. शंभराव्या रात्री बिस्किटे कापताना मला खुंटीवरची तंबाखूची हिरवी चंची आठवली. मी पाचवीत होतो, म्हणजे ते १९९८ साल असावे. बाबा ड्युटीवर जाताना ती चंची आणि चुन्याची डबी खिशात टाकत. एके दिवशी ती खुंटीवर दिसली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर काही दिवस तुम्ही रात्री अंगणात येरझारा घालत असा आणि आम्ही दंगा केला की एकाएकी चिडत असा. ताईने आणि मी असा अर्थ लावला होता, की बाबांचे कचेरीत कोणाशी तरी भांडण झाले आहे. कोणी काही विचारले नाही, तुम्हीही काही सांगितले नाही, आणि अर्थात पेढेही आले नाहीत. ते दिवस कसले होते, हे मला मार्चमध्ये गॅलरीत येरझारा घालताना कळले.

तुम्ही एकट्याने, पिठाचा गोळाही हातात नसताना ते कसे निभावलेत, हे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे. एकादशी झाल्यावरच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी भुरीला ठेवून एकटाच येत आहे. कातणे परत आणतो. बाबांच्या नावाचा एक घाणा शुक्रवारी रात्री काढीन आणि डबा बरोबर आणीन. मोतीला तो तुम्ही तुमच्याच हाताने घालायचा आहे, दिवसाला चार याप्रमाणे.

आईने या वेळी पेपर आणायला मला पाठवू नये.

तुमचा,
धाकटा