‘कधीतरीच घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी उंदरांवरील प्रयोग

महोदय,

२०२३च्या ऑगस्टमध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली, तेव्हापासून आमच्याकडे अमली पदार्थांचा विषय निघाला की सगळे पदार्थ एकाच मापाने मोजले जातात. व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांतही ‘शरीराला सवय होते, मग मात्रा वाढवावी लागते’ हे वाक्य ठरलेले असते. अफूजन्य पदार्थांना ते लागू पडते. कोकेन, ॲम्फेटामिन यांसारख्या उत्तेजकांच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे आहे.

प्रयोगशाळेतील उंदराला ॲम्फेटामिनची तीच मात्रा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचली, तर त्याची धावपळ कमी होण्याऐवजी दर खेपेस वाढत जाते आणि पुढे एकाच जागी हुंगत राहणे, डोके हलवत राहणे असे निरर्थक चाळे सुरू होतात. याउलट, कातडीखाली बसवलेल्या पंपातून औषध अखंड झिरपत ठेवले, तर बहुधा त्याचा परिणाम बोथट होतो. म्हणजे मधला खंड संरक्षण देत नाही, उलट संवेदनशीलता वाढवतो. ही वाढ औषध बंद केल्यावरही कित्येक महिने टिकल्याचे आढळले आहे, आणि ज्या पिंजऱ्यात सुई टोचली जात असे, त्याच पिंजऱ्यात ती अधिक ठळक दिसते. मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या यंत्रणेत झालेले बदल यामागे आहेत. रॉबिन्सन आणि बेरिज या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडले की, पदार्थ आवडणे वाढले नाही तरी तो हवासा वाटणे वाढत जाते.

सुट्टीत किनाऱ्यावर येऊन ‘रोज नाही, कधीतरीच घेतो’ असे सांगणाऱ्या तरुणांपुढे हे ठेवायला हवे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि माणसांतील पुरावा इतका एकसारखा नाही, हे मान्य. शिवाय उंदीर प्रत्येक वेळी नशेलाच शरण जातो असेही नाही: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील प्रयोगात बहुसंख्य उंदरांनी कोकेन सोडून सॅकरिनचे गोड पाणी निवडले, तर २०१८ मधील एका अभ्यासात मेथाम्फेटामिन या उत्तेजकापेक्षा सोबत्याचा सहवास पसंत केला. भीती घालणारी व्याख्याने ही बाजू सहसा सांगत नाहीत.

उपचार घेऊन गावी परतलेल्या मुलाला आता महिने उलटले, सगळे पूर्ववत झाले, असे समजून घरचे निर्धास्त होतात आणि तो पुन्हा जुन्या कंपूत, जुन्या जागी बसू लागतो. पिंजऱ्याचा वरील निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोहोचावा म्हणून आपण एखाद्या मनोविकारतज्ज्ञाकडून उत्तेजकांवर स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, गुहागर