एलायझा हॅमिल्टन यांचेही स्मरण हवे

अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा विषय निघाला की गाडी १८०४ च्या द्वंद्वयुद्धावर येऊन थांबते. त्यांच्या पत्नी एलायझा यांची खरी कहाणी तिथून पुढची. तीन वर्षांत थोरला मुलगा आणि पती, दोघेही द्वंद्वयुद्धात गेले. पदरी सात मुले, डोक्यावर कर्ज. तरी १८०६ मध्ये त्यांनी इतर महिलांसोबत न्यूयॉर्कमध्ये अनाथाश्रम काढला आणि नव्वदी गाठेपर्यंत, १८४८ पर्यंत, त्याची धुरा वाहिली. ती संस्था आजही मुलांसाठी काम करते, हे वाचून मला भरून आले. पतीने लिहिलेल्या कवितेचा जीर्ण, शिवून जोडलेला कागद त्या गळ्यातल्या छोट्या पिशवीत जपत असत.

– एक वाचक, पुणे