ग्रेनाडाचं जायफळ आणि आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लेक-जावयाबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझला जायचा योग आला आणि त्यात एक थांबा होता सेंट जॉर्जेस, म्हणजे ग्रेनाडा या छोट्या देशाची राजधानी. बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते, मिळतो तेवढाच वेळ. बाकी बेटांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, वाळू आणि निळं पाणी सगळीकडेच छान आहे, पण या गावाबद्दल मात्र पेपरात लिहायलाच हवं असं वाटलं कारण आमची दिवेआगरला नारळ-सुपारीची वाडी, त्यात जायफळाची झाडं होती, आणि ग्रेनाडा हा देश जायफळासाठीच जगात ओळखला जातो. १९७४ साली ७ फेब्रुवारीला हे लोक स्वतंत्र झाले तेव्हा त्यांनी झेंड्यावर चक्क जायफळ काढलं, पिवळं फळ उकललेलं आणि आत लाल. धक्क्यावर तो झेंडा फडकताना बघून मला जे वाटलं ते वाडीवाल्या माणसाला लगेच कळेल.

गाव एकदम लहान. सगळ्या देशाचीच लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, त्यात राजधानी ती केवढी असणार. समुद्र आत घुसून घोड्याच्या नालासारखं बंदर झालंय त्याला कॅरेनाज म्हणतात, त्याच्या कडेने रस्ता, जुन्या वखारी, लाल कौलांची घरं आणि मग एकदम चढ. चढ म्हणजे असा की वरच्या घराच्या ओट्यावरून खालच्या घराचं छप्पर दिसतं. कॅरेनाजवरून गावाच्या दुसऱ्या बाजूला जायला डोंगरातून एक बोगदा आहे, सेंडॉल टनेल, १८९४ चा, अरुंद, त्यातून गाड्या एकाच दिशेने जातात आणि माणसं भिंतीला चिकटून चालतात. अजूनही रोज वापरात. बंदराच्या काठावर ख्रिस्ताचा हात वर केलेला पुतळा आहे त्याची गोष्ट मला फार आवडली. १९६१ साली बियांका सी नावाच्या प्रवासी जहाजाला इथेच बंदराबाहेर आग लागली, जहाजावर सातशेच्या आसपास माणसं, आणि गावातले लोक मिळेल ती होडी घेऊन गेले आणि त्यांना किनाऱ्यावर आणलं, घरात ठेवून घेतलं, कपडे दिले जेवण दिलं. त्याची आठवण म्हणून जहाज कंपनीने तो पुतळा दिला. कोळीवाड्यातल्या माणसांना हे काही नवीन नाही, आपल्याकडेही असंच धावून जातात.

वर फोर्ट जॉर्ज हा किल्ला आहे. तिथे १९ ऑक्टोबर १९८३ ला देशाचा पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्याच्या सहकाऱ्यांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या, त्याच्याच पक्षातल्या लोकांच्या भांडणातून, आणि सहाच दिवसांनी अमेरिकेचं सैन्य उतरलं. जावयाला त्यात जास्त रस होता म्हणून ते दोघं किल्ल्यावर रेंगाळले. मला बाजार बघायचा होता.

मार्केट स्क्वेअरला छत्र्या लावून बायका बसलेल्या. दालचिनी, लवंग, तमालपत्र, हळद, आलं, कोकोचे गोळे, आणि सगळीकडे जायफळ. सुटं, पिशवीत, माळा करून, सरबत, जॅम, तेल, दुखऱ्या गुडघ्यावर मारायचा स्प्रेसुद्धा जायफळाचा. एका वयस्कर बाईंकडे ताजी फळं होती. त्यांनी माझ्यासमोर एक उकललं, पिवळट जाड साल दोन बाजूंना झाली, आत काळी चकचकीत कवटी आणि तिला घट्ट बिलगलेली लालभडक जायपत्री, ओली, हाताला जरा चिकट. मी ती जायपत्री नखाने न तोडता अख्खी सोडवली तर त्या बघतच राहिल्या, क्रूझवरून उतरलेल्या बाईला हे कसं जमलं म्हणून. मग लेकीने सांगितलं की आईची पण बाग आहे, भारतात, समुद्राकाठी. झालं, आमच्या गप्पाच सुरू झाल्या. तुमच्याकडे सालीचं काय करता? मी म्हटलं लोणचं घालतो. त्या म्हणाल्या आम्ही जॅम करतो. तुम्ही जायफळ कशात घालता? मी सांगत सुटले, श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी, बाळाच्या गुटीत उगाळून. गुटीचं ऐकून त्या खूश झाल्या.

मग मी विचारलं झाडं किती? त्या म्हणाल्या घरची सगळी एका दुपारी गेली.

७ सप्टेंबर २००४, आयव्हन वादळ. त्या एका दिवसात ग्रेनाडात ३९ माणसं गेली, देशातल्या सुमारे ९० टक्के घरांचं नुकसान झालं, गावातल्या देवळांची म्हणजे चर्चची छपरं उडाली, संसदेची इमारत मोडली ती अशी की नवी संसद व्हायला २०१८ उजाडलं. आणि जायफळाची बहुतेक झाडं आडवी झाली. जायफळाची मुळं वरवर पसरतात, खोल जात नाहीत, मोठं झाड वाऱ्यात मुळासकट उपटतं. इंडोनेशियानंतर जगात जायफळात दुसरा नंबर या एवढ्याशा बेटाचा होता तो एका दुपारी संपला. वर पुढच्याच वर्षी जुलैत एमिली नावाचं वादळ आलं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर ३ जून २०२० होता. निसर्ग चक्रीवादळ, लॉकडाऊन चालू, भर दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते आमच्या रायगडच्या किनाऱ्याला आदळलं, आणि संध्याकाळी बाहेर पडलो तर वाडीत आभाळ दिसत होतं. जिथे कधी ऊन खाली पोचत नव्हतं तिथे आभाळ. सुपाऱ्या अर्ध्यातून मोडलेल्या, नारळ एकमेकांवर, आणि त्यांच्याखाली जायफळं. सासऱ्यांच्या हातची झाडं होती ती. आणि आम्हालाही पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते.

आता मुद्द्याचं. त्या बाईंनी सांगितलं म्हणून आम्ही टॅक्सी करून किनाऱ्याने गुयाव्ह नावाच्या गावी जाऊन आलो, तिथे जायफळाचं प्रोसेसिंग स्टेशन आहे. जुनी मजली इमारत, आत शिरल्याबरोबर वास. वर लाकडी फळ्यांवर जायफळं सावलीत वाळत घातलेली, ती लाकडी दाताळ्याने वर-खाली करतात, कित्येक आठवडे. मग कवटी फोडून आतलं जायफळ पाण्यात टाकतात, जड असेल ते बुडतं ते चांगलं, तरंगलं ते हलकं, ते तेलाला वगैरे जातं. बायका लांब टेबलावर बसून हाताने निवडतात, पोत्यांवर कुठल्या देशात जाणार ते रंगाने छापतात. हे सगळं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं, १९४७ सालची संस्था. शेतकरी माल आणून टाकतो, वजन होतं, त्याला लगेच आगाऊ पैसे मिळतात आणि वर्षाअखेरी संस्थेला नफा झाला तर वर बोनस. दोन किलो आणा नाहीतर दोनशे किलो आणा, रांग एकच. एक म्हातारे गृहस्थ छोटी पिशवी घेऊन आले होते, काट्यावर ठेवली, पावती घेतली आणि गेले, दोन मिनिटांचं काम.

आमच्याकडे जायफळाचं काय होतं ते बागायतदारांना माहीत आहे. व्यापारी येतो, तो सांगेल तो भाव, जायपत्री वेगळी वाळवून ठेवली असेल तर बरं नाहीतर पावसात बुरशी, आणि थोडा माल असेल तर कुणी विचारत पण नाही. गंमत म्हणजे ज्ञान आपल्याकडे कमी नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाच्या कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती काढल्यात, रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी, मिरी घेऊन लाखी बाग करून दाखवली. सहकार तर महाराष्ट्राने देशाला शिकवला म्हणतात, उसाला आणि दुधाला. मग किनाऱ्यावरच्या मसाल्याला का नाही?

ग्रेनाडात सगळं छान झालं असंही नाही आणि ते पण सांगायला हवं. आयव्हननंतर त्यांचं जायफळ पहिल्यासारखं आजही झालेलं नाही. जायफळाचं रोप लावल्यावर सात-आठ वर्षं धीर धरायचा, बी पासून केलेलं असेल तर निम्मी झाडं नर निघतात, ती फळ देत नाहीत, आणि ज्याचं घर उडालंय त्याने पोट भरायचं की आठ वर्षं थांबायचं? त्यामुळे बरेच जण कोकोकडे वळले, तो लवकर येतो, काहींनी बाग तशीच सोडली, पोरं परदेशात. बाजारातल्या त्या बाई म्हणाल्या की आम्ही लगेच लावलं असतं तर आज माझ्या नातवाने फळ काढलं असतं. आयव्हनला आता वीस वर्षं होऊन गेली.

आपल्याकडे निसर्गला एवढी वर्षं झालेली नाहीत, म्हणजे अजून वेळ आहे, पण तो चाललाय. वादळानंतर शासनाने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, वाढवली हे चांगलंच केलं, पण आमच्याकडे वाडी हेक्टरात नसते हो, गुंठ्यात असते. दहा गुंठ्याला पाच हजार. पडलेली झाडं तोडून ओढून बाहेर काढायलाच त्याच्या कितीतरी पट लागले. आणि मदत एकदा येते आणि संपते, बागेला आठ वर्षं काढायची असतात. माझ्या ओळखीत किती तरी वाड्यांत आता नुसतं गवत आहे किंवा शेड टाकून खोल्या काढल्यात पर्यटकांसाठी. त्यांना दोष देत नाही, पोट आहे. पण शनिवार-रविवारी जे लोक आमच्या गावाला येतात ते त्या सावलीसाठीच येतात ना, वाडी गेल्यावर काय बघायला येणार.

म्हणून आपल्या पेपरमार्फत विद्यापीठाला, कृषी खात्याला आणि आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना मनापासून विनंती आहे. एक तर जायफळाची मादी कलमं, बियांची रोपं नाही कलमं, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली या वादळात सापडलेल्या तालुक्यांत गावातच मिळू देत, त्यासाठी दापोलीपर्यंत गाडी करायला लागू नये. लावल्यापासून फळ येईपर्यंत दर वर्षी थोडे थोडे पैसे मिळाले तर लोक झाड सांभाळतील, एकदम एक रक्कम देऊन ते होत नाही. आणि दुसरं, श्रीवर्धनला एक केंद्र निघू दे जिथे जायफळ, जायपत्री, सुपारी कितीही थोडी आणली तरी वजन करून घेतील, वाळवणीची सोय असेल, आणि कोकणच्या नावाने ती विकली जाईल. जागेचा प्रश्न असेल तर गावात बंद पडलेल्या इमारती आहेत. बायकांचे बचत गट हे काम करायला तयार आहेत, मी स्वतः आमच्या गटात विचारलंय, अकरा जणींनी तिथल्या तिथे नावं दिली. सालीचं लोणचं आणि सरबत आम्ही आत्ताही करतो, फक्त ते घरापुरतं राहतं.

ज्या बागायतदारांनी निसर्गनंतर जायफळ परत लावलंय त्यांनी आपला अनुभव याच सदरात लिहावा, कुठली कलमं लावली, किती जगली, फळ धरलं का. पावसाळ्याआधी समजलं तर यंदाच्या लावणीला आम्हाला उपयोग होईल.

आपली,
एक बागायतदार वाचक
दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड