आमच्या कपाटात प्लुटो अजून ग्रहच आहे

समस्त ग्रामस्थ, वाचनालयाचे आजी-माजी सभासद आणि नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्याला, आखातात नि आणखी कुठे कुठे गेलेली आपली मंडळी, यांस सप्रेम नमस्कार.

पाऊस सरला की आपण दर वर्षी देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, अंगणात सतरंज्या अंथरून पुस्तकांना ऊन दाखवतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आपल्या वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या भिंतीत मुरतो, असा कार्यकारिणीचा अनुभव आहे. यंदा बाकीची पुस्तकं बचावली, पण त्या भिंतीलगतच्या कपाटाचा खालचा खण वाळवीने खाल्ला. नेमका तो विज्ञानाचा खण. तो पुन्हा भरायला पुस्तकं हवीत आणि भिंतीसाठी पैसे, म्हणून हे आवाहन.

जी पुस्तकं हाती लागली ती झटकत असताना सातवीतली एक मुलगी मदतीला आली होती. तिने एक पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि ग्रंथपालबाईंकडे नेऊन दिलं. "बाये, हें पुस्तक चुकलां." पुस्तकात नऊ ग्रह होते. प्लुटोला २००६ साली ग्रहमालेतून वगळून बटुग्रहांत टाकलं, हे तिला ठाऊक होतं, आमच्या कपाटाला नव्हतं.

मग आम्हीही ते पुस्तक नीट वाचून काढलं. छपाई १९८२ ची. त्यात चंद्र कोरडा ठणठणीत आहे. चांद्रयान-१ ने तिथे पाण्याचा माग लावला ही २००९ ची गोष्ट. दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह असतील का, याबद्दल लेखकाने "असावेत" एवढंच म्हटलंय. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला आणि आज अशा परक्या ग्रहांची मोजदाद ५ हजारांच्या पुढे गेली आहे. विश्वाचं प्रसरण हळूहळू मंदावत असणार, असंही त्यात आहे. १९९८ साली उलटच आढळलं, वेग वाढतोय. लेखकाची यात काडीची चूक नाही. त्याने आपल्या काळापुरतं चोख लिहिलं होतं. चूक आमची, त्यानंतर तो खण भरायचं आम्हाला सुचलं नाही.

नाटकांची एक भिंत मात्र भरलेली आहे. अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंडा तालुक्यातलं वाचनालय, तेव्हा संगीत नाटकांच्या संहिता, कादंबऱ्या, पोथ्या, संतवाङ्मय यांना तोटा नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण अवकाश, काळ, प्रकाश, अणू यांवर वाचायला मागणाऱ्या मुलाच्या हातात ठेवण्याजोगी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आणि मुलं मागतात. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आपलं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टातला दिवस ढगांत जातो, पण मेच्या पहिल्या आठवड्यातला सापडतो. तुळशीवृंदावनाशेजारी पाइपचा एक सरळ तुकडा उभा करून पंधरावीस मुलं भोवती बसली होती. बारा वाजले, सावली होतीच. कुणीतरी म्हणालं, फसलं. साडेबाराच्या सुमारास ती गेली.

त्याचं कारण समजावून सांगणं सोपं होतं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण ७४ अंशांवर बसलोय. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साडेआठ अंशांची ३४. त्या दिवसांत सूर्य स्वतः तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. मुलांनी हिशोब मांडला, जुळला. पण त्याच मुलीने पुढे विचारलं, "मग खरे बारा कधी वाजले?"

तिथे आमच्यातले निवृत्त मास्तर गप्प झाले. ते म्हणाले, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, त्याला पुस्तक लागतं. पुस्तक नव्हतं. हे आवाहन खरं म्हणजे त्या दिवशीच लिहायला हवं होतं.

कारण त्या प्रश्नाचा धागा मिर्झापूरला संपत नाही. आइनस्टाइनने १९०५ साली दाखवून दिलं की सगळ्यांसाठी एकच असे "खरे बारा" कुठेही वाजत नाहीत. घड्याळ स्वतः किती वेगाने प्रवास करतंय आणि, पुढे १९१५ मध्ये मांडलं त्याप्रमाणे, ते किती गुरुत्वाकर्षणात ठेवलंय, यावर त्याचं चालणं अवलंबून असतं. हे ऐकून "त्याचा आम्हाला काय उपयोग" असं म्हणणारे सभासद आहेत. त्यांनी खिशातला फोन काढावा. वाट दाखवणारे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर फिरतात आणि तिथली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, पण तशा ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त पळतो. ही दुरुस्ती केली नाही तर फोंड्याच्या बाजारात उभा असलेला माणूस तीन दिवसांत नकाशावर पणजीला पोचलेला असेल, तोही बस न पकडता.

आइनस्टाइनच्या या सापेक्षता सिद्धांताची पहिली मोठी पारख जिथे झाली ती जागाही आपल्याला अगदीच परकी नाही. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात, सूर्याजवळून येताना ताऱ्यांचा प्रकाश त्यात म्हटल्याप्रमाणे वाकतो का, हे पाहायला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडच्या प्रिन्सिपे बेटावर गेला होता. दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल गावी होती. प्रिन्सिपेवर त्या वेळी पोर्तुगिजांचा अंमल होता, म्हणजे लिस्बनचं जे सरकार आपल्या आजोबा-पणजोबांकडून कर घेत होतं, त्याच्याच मुलखातल्या कोकोच्या मळ्यात ही दुर्बीण लागली होती. त्या सकाळी तिथे पाऊस कोसळला, ग्रहणाच्या वेळीही ढग होतेच, आणि ढगांच्या फटींतून मिळालेल्या थोड्या छायाचित्रांवर काम भागवावं लागलं. पावसाने घात करणं हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्याकडून गेला, तेव्हा आम्ही दारं लावून घरात बसलो होतो. आज साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांना ती हळहळ आहे.

आता भाषेबद्दल. आपली मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात, काही कोंकणीत, आणि पाचवीला बहुतेकांचं सगळं इंग्रजीत जातं. गुरुत्वाकर्षण एका रात्रीत ग्रॅव्हिटी होतं. कल्पना अजून पुरती रुजलेली नसते, तोच तिचं नाव बदलतं. म्हणून आम्हाला दोन्ही भाषांतली पुस्तकं हवी आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवायची आहेत. ग्रंथपालबाईंनी एक वही घातली आहे: अवकाशकाल म्हणजे स्पेसटाइम, कृष्णविवर म्हणजे ब्लॅक होल, दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, पुंज म्हणजे क्वांटम. मुलंच भर घालतात. "श्वेत बटू" वाचून आठवीतल्या एकाने विचारलं, हा मुंजीतला बटू काय? नाही रे बाबा, इंधन संपून आकसलेला तारा तो, पृथ्वीएवढा होतो आणि वजन मात्र सूर्याच्या जवळपास. पण तो शब्द तो आता जन्मात विसरणार नाही.

मराठीत असं लिहिणारे आहेत आणि होऊन गेले. जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. विश्वरचनेवर जगभर मान्यता मिळवलेल्या या माणसाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत "नारायण विनायक जगताप" हे टोपणनाव घेऊन गोष्ट पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला, अक्षर ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहवून घेतली, आणि पहिला नंबर आला. गोष्टीचं नाव "कृष्णविवर". त्यांची, मोहन आपट्यांची, बाळ फोंडक्यांची पुस्तकं तुमच्या माळ्यावर असतील तर आधी ती द्या. आपल्याच मातीतले दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबें, यांना लोक इतिहासकार म्हणून ओळखतात. मूळचे ते गणिती, वक्र अवकाशांच्या भूमितीवर त्यांनी काम केलंय. त्यांच्यावरचं काही मिळालं तर सोन्याहून पिवळं.

इंग्रजीतही हरकत नाही. हॉकिंग यांचं १९८८ चं काळाच्या इतिहासाचं पुस्तक बऱ्याच घरांत असतं आणि बऱ्याच घरांत तिसऱ्या प्रकरणात खूण घालून ठेवलेलं असतं. त्यात समीकरण एकच आहे, तरीही ते सोपं नाही, त्यामुळे लाजू नका. खूण तशीच राहू द्या आणि पुस्तक द्या. इथे कुणीतरी चौथं प्रकरण वाचील.

काय नको, तेही स्पष्ट सांगतो, कारण मागच्या वेळी पुस्तकं मागितली तेव्हा काय काय आलं ते आम्ही विसरलेलो नाही. गाइडं नकोत, जुनी क्रमिक पुस्तकं नकोत. फलज्योतिषाचे ग्रंथ "आकाशाचंच आहे ना" म्हणून आणू नका. उडत्या तबकड्या, पिरॅमिडची शक्ती, पुंजभौतिकीने सिद्ध केलेलं अमुक तमुक, ही पुस्तकं तुम्हाला आवडत असतील तर घरीच असू द्या. कसर लागलेलं पुस्तक तर कृपा करून आणूच नका, एका पुस्तकापायी अख्खं कपाट जातं.

पैशांची गरज आहे ती मुख्यतः भिंतीमुळे. पुस्तकं आली आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा ओली झाली तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. भिंतीला बाहेरून गिलावा, काचेची दारं असलेली दोन लोखंडी कपाटं, वाळवीचं औषध आणि हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र, असा ६० हजार रुपयांचा अंदाज आहे. गावातल्या मुलग्यांनी दिवाळीला नरकासुराचा पुतळा केला, झकास केला, पहाटे जाळला. त्याच मुलग्यांनी गिलाव्याची मजुरी स्वतः करायचं कबूल केलंय, म्हणजे खर्च थोडा उतरेल. कुणी कपाटच देणार असेल तर आधी विचारा. दार अरुंद आहे, मागे एक कपाट तीन दिवस व्हरांड्यात उभं होतं.

प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. देणगीवर आयकरात मिळणारी सवलत मात्र आमच्याकडे नाही, ती अपेक्षा ठेवून देऊ नका. दिलेल्या पुस्तकावर देणाऱ्याचं नाव आतल्या पानावर लिहिलं जाईल आणि दाखलनोंद वहीत क्रमांक पडेल. भिंतीवर संगमरवरी पाटी लावायचा विचार नाही, तीही ओल धरते.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी नवा खण उघडायचा आणि संध्याकाळी अंगणात दुर्बीण लावायची ठरलंय. पुस्तकं त्याआधी महिनाभर पोचली तर नोंदणी आणि पुठ्ठे घालणं उरकता येईल. बाहेरगावच्या मंडळींनी जत्रेला येताना बॅगेत एकेक पुस्तक टाकलं तरी चालेल. देवळात न देता अग्रशाळेत आणून द्या, नाहीतर ते प्रसादाच्या टोपल्यांत जातं.

ग्रंथपालबाई संध्याकाळी ४ ते ७ असतात. सोमवारी वाचनालय बंद.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी