पान आधी की विष आधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भुईआवळीवरचा लेख वाचला. औषधांमुळे यकृताला होणारी इजा ही वनस्पती टाळते आणि ते प्रयोगांनी सिद्ध झाले आहे, असे त्यात ठळक अक्षरांत होते. सोमवारी सकाळी शेजारच्या काकू परसात वाकून झुडपे उपटताना दिसल्या. त्यांच्या मुलाला टीबीच्या गोळ्या सुरू आहेत. त्या गोळ्या यकृताला जड जाऊ शकतात, हे त्यांना दवाखान्यातच सांगितले होते. म्हणून हे पत्र.

फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मी 22 वर्षे काढली. असले प्रयोग डोळ्यांदेखत झाले, काहींना हातभारही लागला. पाने सावलीत वाळवायची, भरड पूड करायची, अल्कोहोलमध्ये अर्क काढून तो आटवायचा. शेवटी काकवीसारखा काळपट हिरवा चिकटा उरतो. (भुईआवळी उगवते पावसाळ्यात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात पान वाळत नाही, बुरशी धरते. आमचा अर्धा माल त्यातच जायचा.) हा अर्क पांढऱ्या उंदरांना आठवडाभर पाजायचा, मग यकृताला इजा व्हावी म्हणून पॅरासिटामॉलचा जबर डोस द्यायचा, वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम. मोठ्या माणसाची अख्ख्या दिवसाची मर्यादा 4 ग्रॅम आहे, यावरून काय ते समजा. पुढे रक्तात एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन बघायचे; यकृताला इजा झाली की हे आकडे चढतात. नुसते पॅरासिटामॉल दिलेल्या उंदराचे यकृत फिकट, ठिपकेदार दिसायचे. अर्क दिलेल्याचे बरेचसे तांबूस आणि गुळगुळीत. फरक पडतो, मी तो पाहिला आहे.

पण पान आधी आणि विष नंतर, हा क्रम लेखात कुठेच नव्हता. माणूस येतो तो डोळे पिवळे झाल्यावर. दुसरे असे, की पॅरासिटामॉलपेक्षा यकृतातले एन्झाइम त्याचे जे रूपांतर करते ते घातक असते. पानाने त्या एन्झाइमलाच अडवले तरी उंदीर वाचतो. याचा अर्थ यकृताला बळ आले असा नव्हे. आणि असे एन्झाइम अडवणारे पान टीबीच्या गोळ्यांबरोबर पोटात गेले तर काय, हे उंदराच्या त्या प्रयोगातून कळत नाही.

डोसचेही तसेच. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क दिला, तर नेहमीच्या हिशेबाने (माणसाला किलोमागे उंदराच्या साधारण एक षष्ठांश डोस धरतात) 60 किलोच्या माणसाला जवळजवळ 4 ग्रॅम लागेल. आमच्याकडे 100 ग्रॅम वाळक्या पानांतून दहाएक ग्रॅम अर्क निघायचा. म्हणजे रोजची 40 ग्रॅम वाळकी पाने! भुईआवळीचे पान केवढेसे असते, ते परसात जाऊन बघावे.

याच झाडाची आणखी एक गोष्ट लेखात हवी होती. 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिपॅटायटिस-बीच्या 37 वाहकांपैकी 22 जणांना भुईआवळीचा गुण आल्याचे छापले, त्याचा मोठा बोलबाला झाला. पुढे इतरांनी करून पाहिले तेव्हा तसा गुण दिसला नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली. ती वेल गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच असू शकेल, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. असेलही. पण कुंपणावरची वेल कोणती, हे आम्ही कोणाला विचारायचे?

पाने तपासू नयेत असे मी म्हणत नाही, माझे पोट त्यावरच भरले. पण असे लेख छापताना प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर आणि पान आधी दिले की नंतर, एवढे दोन शब्द मथळ्याखालीच घालावेत.

काकूंना म्हटले, रस पाजण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि मुलाला मळमळ झाली किंवा लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. "झाडपालो तो, तेचो काय अपाय होतलो?" त्या म्हणाल्या. टोपलीत हात घालून पाहिले, तर निम्मी झुडपे लालसर देठाची, दुसऱ्याच जातीची निघाली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सिंधुदुर्ग