गाडी आडवी टाकण्याचं खूळ डोक्यातून काढणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

धडक अटळ दिसली तरी ब्रेक सोडायचा नाही आणि दुचाकी आडवी टाकायची (म्हणजे मुद्दाम कुशीवर पाडून घसरवायची) नाही, हे तुम्ही रिकाम्या मैदानावर आमच्याकडून घोटून घेतलंत. हे जाहीर आभार त्यासाठी.

‘आडवी टाकली म्हणून वाचलो’ हे वाक्य दुचाकीवाल्यांत इतकं मुरलंय की ते खोडायला तुम्हाला फळ्यावर गणित मांडावं लागलं. ताशी 60 किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. ब्रेक धरायला लागला तेव्हा अडथळा 16 मीटरवर आहे आणि रस्ता कोरडा आहे. टायर उभे ठेवून नीट ब्रेक मारला, तर धडकताना वेग ताशी साधारण 26 किमी उरतो. तीच गाडी फुटरेस्ट आणि क्रॅशगार्डवर घासत गेली, तर 45 च्या आसपास, कारण रबरासारखी डांबराला पकड लोखंडाला नसते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे हा फरक जवळपास तिप्पट. शिवाय पडल्यावर ना ब्रेक हातात, ना दिशा.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही उजव्या हाताच्या दोन बोटांवर, म्हणजे पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर घालवलात, आणि ते योग्यच होतं. थ्रॉटल बंद, क्लच आत, गुडघे टाकीला घट्ट, कोपरं किंचित वाकलेली. लिव्हरची ढिलाई आधी काढायची, पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) दबू द्यायचा, मग लिंबू पिळावं तसा जोर वाढवत न्यायचा. हे सगळं एका सेकंदाच्या आत. लिव्हर एकदम खेचली तर वजन पुढच्या टायरवर यायच्या आधीच चाक जाम होतं आणि गाडी खालून निसटते. तसं झालं की लिव्हर लगेच सोडून पुन्हा दाबायची. मागचं चाक जाम होऊन गाडी तिरकी झाली असेल तर नेमकं उलट: मागच्या ब्रेकचं पेडल झटकन सोडायचं नाही. टायर अचानक पकड घेतो आणि चालवणाऱ्याला हवेत भिरकावतो. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचे. हाताला थरथर जाणवते, ती बिघाडाची नव्हे. घाबरून लिव्हर सोडणारे तिथेच फसतात.

अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा 1981 चा अहवाल तुम्ही वर्गात काढलात, तेव्हा हा आग्रह कळला. बहुतेकांच्या हातात 2 सेकंदही नव्हते. तेवढ्यात मागचा ब्रेक जाम केला जातो आणि पुढचा, जो थांबवण्याचं बहुतेक काम करतो, अर्धवटच दाबला जातो. दोन सेकंदांत विचार होत नाही, सवयच धावून येते.

बगल द्यायची तर डावीकडे जायला डावं हँडल पुढे ढकला, हे पहिल्यांदा ऐकताना उफराटं वाटलं होतं. पण ब्रेक आणि वळण एकाच वेळी नको. टायरची पकड म्हणजे एकच पाकीट, दोन्हीकडे खर्च केलं की रिकामं. नजर ट्रकच्या मागच्या चाकावर खिळली तर गाडी तिथेच जाते, म्हणून मोकळ्या फटीकडे बघायचं.

तरीही पडलोच, तर गाडीला धरून ठेवायचं नाही. तिच्यापासून सुटायचं, हात टेकवायचे नाहीत (मनगट आणि गळपट्टीचं हाड असंच जातं) आणि घसरणं पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही. अजून वेग आहे हे शरीराला कळत नाही, माणूस उभा राहायला जातो आणि कोलांट्या खातो.

‘अंग सैल सोडा’ हा तुमचा एक सल्ला मात्र आम्हाला त्या दोन सेकंदांत जमेल असं वाटत नाही. बाकी सगळं दर महिन्याला, ताशी 40 वर, रिकाम्या मैदानात गिरवतो आहोत.

आपले,
सकाळच्या तुकडीतले विद्यार्थी