आजीच्या आजाराविषयी बाबांना पत्र

टोरांटो,
दि. ११ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आजीचा रक्ताचा कर्करोग जनुकांतील बदलांमुळे झाला असेल, तर तो बदल वारशाने ताईच्या मुलीपर्यंत पोहोचला असेल का, असे परवा फोनवर तुम्ही विचारलेत. मी दिवसभर याच विषयावर काम करत असूनही तेव्हा घाईत नीट उत्तर देता आले नाही.

हाडांच्या आतल्या मज्जेतील मूळपेशींपासून आयुष्यभर आपले रक्त तयार होते. हे याच शहरात दाखवले गेले. १९६१ मध्ये टिल आणि मॅक्युलॉक या शास्त्रज्ञांनी, किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली असता, त्यांच्या प्लीहेवर छोट्या गाठी उठल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे दोन वर्षांनी सिद्ध झाले.

तलाठी म्हणून तुम्ही जन्मभर फेरफार नोंदवलेत, म्हणून तोच शब्द वापरते. मूळपेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि वयाबरोबर तिच्यात नोंद नसलेले फेरफार साचत जातात. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण डीएनएमटी३ए या जनुकात बिघाड झाला, तर ती पेशी इतर मूळपेशींपेक्षा अधिक पसरते, आणि तरीही नेहमीसारखे रक्त बनवत राहते. येथील संशोधक जॉन डिक यांच्या गटाला २०१४ मध्ये ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, काही रुग्णांच्या निरोगी दिसणाऱ्या टी-पेशींतही (मूळपेशींपासूनच बनणाऱ्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतही) हा बिघाड सापडला, मात्र एनपीएम१ या जनुकातला नंतरचा बिघाड तिथे नव्हता. म्हणजे पहिली चूक आजाराच्या कितीतरी आधी, मूळपेशीतच झालेली होती. केमोथेरपीनंतरही अशा पेशी टिकून राहतात, हे मला सर्वांत अस्वस्थ करते.

सत्तरी ओलांडलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तात असे फेरफार आढळतात, पण त्यांतल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. शिवाय ते मज्जेतल्या पेशीत झालेले असल्याने, एका उताऱ्यातली चूक दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढत नाही तशी, मुलाबाळांकडे जात नाहीत. काही मोजक्या घराण्यांत जन्मजात दोष असतो हे खरे. परंतु आपल्या घरात आजीखेरीज कोणालाही हा आजार झालेला नाही, आणि तिलाही तो उतारवयात झाला. तेव्हा ताईने जाहिराती पाहून मुलीच्या जनुक-चाचणीवर पैसे खर्चू नयेत.

आजीचे जुने रिपोर्ट लोखंडी कपाटात असतील. त्यांत जनुकांची नावे दिसली, तर त्या पानाचे छायाचित्र पाठवावे.

तुमची,
धाकटी